सागरी विमा आणि युद्धाची जोखीम

जहाज आणि त्यातला माल यांना समुद्रावर दोन जातींचे धोके असतात, आणि विम्याच्या व्यवहारात त्यांचे दोन निराळे करार होतात. वादळ, खडक, आग, टक्कर, भिजलेला किंवा पाण्यात गेलेला माल हे समुद्राचे धोके. युद्ध, यादवी, बंड, शत्रूने केलेली धरपकड, परक्या सरकारने जहाज अडकवून ठेवणे, पाणसुरुंग, टॉर्पेडो, क्षेपणास्त्र आणि अलीकडे ड्रोन हे युद्धाचे धोके. नेहमीच्या सागरी पॉलिसीत पहिली जात येते. दुसरी स्पष्ट शब्दांत वगळलेली असते आणि ती हवी असेल तर वेगळा हप्ता भरून घ्यावी लागते.

न्हावा-शेव्याच्या वाटेवरच्या दोन जहाजांवरून हा फरक दिसतो. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा-शेव्याकडे येणाऱ्या ‘वान हाय ५०३’ या कंटेनर जहाजावर केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्फोट होऊन आग लागली. चार खलाशी बेपत्ता झाले आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्याआधी, १३ एप्रिल २०२४ रोजी, न्हावा-शेव्यालाच निघालेले ‘एमएससी एरीज’ हे जहाज इराणी क्रांतिरक्षकांनी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतले. त्यावरच्या २५ खलाशांपैकी १७ भारतीय होते. पहिल्या जहाजातल्या जळलेल्या मालाचा दावा साध्या सागरी पॉलिसीवर जातो. दुसऱ्यातला माल जळला नाही, भिजला नाही, तरी जप्तीनंतर तो मालधन्याच्या हाती राहिला नाही, आणि ज्याने युद्धजोखमीचा करार घेतलेला नाही त्याला नेहमीची पॉलिसी एक रुपयाही देत नाही.

ही फाळणी हिशेबातून आली आहे. वादळात बुडणारी जहाजे जगभर विखुरलेली असतात. एका वर्षात किती बुडतील याचा अंदाज मागच्या वर्षांवरून बांधता येतो आणि हजारो मालकांच्या छोट्या हप्त्यांतून थोड्यांचे मोठे नुकसान भरून निघते. युद्धात ही सरासरी मोडते. दहा वर्षे काहीच घडत नाही, मग एका आठवड्यात एकाच खाडीत, एकाच बंदरात पन्नास जहाजे सापडतात. मागच्या वर्षांचा अनुभव अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून खासगी विमा कंपनी हा धोका पत्करते तेव्हा दोन अटी घालते. दर केव्हाही बदलता आला पाहिजे आणि करारातून थोड्या दिवसांच्या सूचनेवर बाहेर पडता आले पाहिजे. युद्धविम्याचे बाकीचे बहुतेक नियम या दोन अटींतून निघालेले आहेत.

सागरी विम्याच्या तीन शाखा आहेत. हल विमा जहाजाचा, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि यंत्रसामग्रीचा. कार्गो विमा मालाचा. तिसरी शाखा जबाबदारीची: खलाशाचा मृत्यू, तेलगळती, बंदराच्या धक्क्याची मोडतोड, बुडालेले जहाज उचलण्याचा खर्च. ही शाखा जहाजमालकांच्या परस्पर मंडळांकडे असते, त्यांना पी अँड आय क्लब म्हणतात. तिन्ही शाखांना युद्धाचा स्वतंत्र जोडकरार असतो. भारतात या व्यवहाराला १९६३ चा सागरी विमा कायदा लागू आहे. तो ब्रिटनच्या १९०६ च्या कायद्यावर बेतलेला असल्याने लंडनच्या न्यायालयांचे जुने निकाल मुंबईतल्या दाव्यांतही आधाराला घेतले जातात.

युद्ध नेहमीच वगळलेले नव्हते. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराने १७७९ मध्ये ठरवलेल्या पॉलिसीच्या मसुद्यात समुद्र, आग, शत्रू, चाचे आणि राजांनी केलेली अडवणूक हे सगळे धोके एकाच ओळीत ओवलेले होते. त्या काळी व्यापारी जहाजाला वादळाइतकीच भीती दुसऱ्या राज्याच्या आरमाराची होती. कोकण किनाऱ्याने तर ही भीती पिढ्यानपिढ्या पाहिली. पोर्तुगीज परवाना घेतल्याशिवाय कोणाला जाऊ देत नसत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक न घेता जाणारी जहाजे पकडायला सुरुवात केली. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चाचे म्हटले, मराठ्यांच्या लेखी ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते आणि दस्तक हा आपल्या समुद्रावरचा राज्याचा हक्क होता. जहाज चाच्याने लुटले की सत्तेने जप्त केले, हा भेद केवळ इतिहासकारांचा नाही. आजही तांबड्या समुद्रातल्या हल्लेखोराला बंडखोर म्हणायचे, दहशतवादी म्हणायचे की एखाद्या राज्याचा हस्तक, यावर दावा कोणत्या कलमात बसतो हे ठरते. लूट, जप्ती, दहशतवाद आणि युद्ध यांना एकाच करारात घेण्याकडे बाजाराचा कल गेला, तो हे वाद टाळण्यासाठीच.

मुंबईच्या व्यापाऱ्याला युद्धजोखमीचा एक मोठा धडा १८०५ मध्ये मिळाला. जमशेटजी जीजीभॉय तेव्हा विशीत होते आणि चीनच्या व्यापारासाठी ‘ब्रन्सविक’ या जहाजातून निघाले होते. सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच दर्यासारंग लिन्वा याने ते जहाज पकडले आणि दक्षिण आफ्रिकेकडे नेले. जमशेटजींचा माल गेला आणि ते मोठ्या हालअपेष्टांनंतर परतले. त्याच जहाजावर डॉक्टर म्हणून असलेल्या विल्यम जार्डिनशी त्यांची ओळख झाली आणि त्या ओळखीतून पुढचा प्रचंड व्यापार उभा राहिला ही वेगळी गोष्ट. विम्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की यात समुद्राचा काही दोष नव्हता. जहाज धडधाकट होते आणि हवामानाने घात केलेला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात आरमारे लोखंडी झाली, तोफा लांब पल्ल्याच्या झाल्या आणि एका लढाईत किती नुकसान होईल याचा अंदाज लागेनासा झाला. १८९८ मध्ये लॉइड्सच्या विमेदारांनी, म्हणजे विमा देणाऱ्यांनी, धरपकड आणि जप्ती वगळणारे कलम नेहमीच्या पॉलिसीत घालायचे ठरवले. तेव्हापासून सागरी विमा आणि युद्धविमा वेगळे झाले ते आजतागायत.

१९१४ मध्ये या वेगळेपणाची परीक्षा झाली. खासगी बाजार महायुद्धाचे ओझे पेलू शकणार नाही हे ब्रिटिश सरकारने आधीच ताडले होते. युद्ध सुरू होताच सरकारने जहाजमालकांच्या मंडळांकडील युद्धजोखमीपैकी ८० टक्के पुनर्विमा, म्हणजे विमा देणाऱ्याचा विमा, स्वतःकडे घेतला आणि मालासाठी सरकारी विमा कचेरी उघडली. ही तजवीज नसती तर जहाजे बंदरातच उभी राहिली असती. सप्टेंबर १९१४ मध्ये ‘एमडेन’ या जर्मन क्रूझरने बंगालच्या उपसागरात एकामागून एक व्यापारी जहाजे पकडली आणि २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासच्या तेलटाक्यांवर गोळे टाकले. पश्चिम किनाऱ्यावर धोका दिसलाही नाही, कारण तो पाण्याखाली होता. ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने १९१७ च्या सुरुवातीला मुंबईबाहेर पाणसुरुंग पेरले आणि निघून गेले. त्यातल्या एकावर २३ जून १९१७ रोजी पी अँड ओ कंपनीचे ‘मंगोलिया’ आदळून मुंबईच्या दक्षिणेला बुडाले. सुरुंग पेरणारा महिनोन्महिने आधी निघून गेलेला, आसपास शत्रूचे एकही जहाज नाही, तरी नुकसान युद्धाचेच. पेरलेला सुरुंग लढाई संपल्यावरही मारतो, म्हणून युद्धकरारात बेवारस पाणसुरुंगांचा वेगळा उल्लेख असतो.

नुकसानीचे खरे कारण कोणते, हा प्रश्न त्याच युद्धात न्यायालयात गेला. ‘इकारिया’ या जहाजाला जानेवारी १९१५ मध्ये फ्रान्सच्या ल हाव्र बंदराजवळ टॉर्पेडो लागला. जहाज कसेबसे बंदरात आणले. वादळ सुरू झाले, आणि ते धक्क्यालाच बुडून जागा अडेल म्हणून बंदर अधिकाऱ्यांनी त्याला बाहेरच्या बाजूला हलवायला लावले. तिथे भरती-ओहोटीबरोबर तळ आपटत ते फुटले. मालकाचे म्हणणे, वादळाने बुडाले. विमेदाराचे म्हणणे, टॉर्पेडोने. १९१८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, टॉर्पेडो हेच निकटचे कारण मानले, आणि पॉलिसीत युद्ध वगळलेले असल्याने विमेदार सुटला. निकटचे म्हणजे वेळेने शेवटचे नव्हे, परिणामाने मुख्य, हे सूत्र तिथून रूढ झाले. ज्याच्या सागरी आणि युद्धविम्याच्या दोन पॉलिसी दोन कंपन्यांकडे असतात, त्याच्या दाव्याचा निकाल आजही बहुधा याच सूत्रावर लागतो.

दोन महायुद्धांच्या मध्ये आणखी एक गोष्ट ठरली आणि तिचे परिणाम सामान्य आयातदाराला अजून भोगावे लागतात. स्पेनच्या यादवीत शहरांवर बॉम्ब पडताना पाहून लंडनच्या विमेदारांना कळून चुकले की गोदामात साठलेल्या मालाचा युद्धविमा दिला तर एका हवाई हल्ल्यात ते बुडतील. १९३७ मध्ये त्यांनी करार केला की मालाचा युद्धविमा फक्त तो पाण्यावर असताना द्यायचा, जमिनीवर नाही. मग जमिनीवरच्या मालाचे काय? ती जागा सरकारला भरावी लागली. भारतात १९४० मध्ये मालाच्या युद्धजोखमीचा आणि १९४२ मध्ये कारखान्यांच्या युद्धजोखमीचा वटहुकूम निघाला. स्वातंत्र्यानंतर चीनशी युद्ध झाले तेव्हा १९६२ मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये आणीबाणीच्या जोखमींच्या विम्याचे कायदे करावे लागले.

मुंबई गोदीचा स्फोट या साऱ्या व्यवस्थेच्या मधोमध झाला. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, शिवाय सोन्याच्या विटांच्या पेट्या होत्या. कराचीला उतरलेल्या मालाच्या जागी कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेलाची पिंपे, लाकूड आणि खत चढवले गेले. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात ठेवणे धोक्याचे आहे हे कप्तानाला ठाऊक होते, पण युद्धाच्या घाईत जागा वाया घालवायची नव्हती. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. १४ एप्रिलच्या दुपारी दोन नंबरच्या कप्प्यातून धूर दिसू लागला. बंबवाल्यांनी पाण्याचा मारा केला, तरी गासड्यांच्या आतली आग विझेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. तेरा जहाजे नष्ट झाली, ५० हजार टनांहून अधिक धान्य गेले, मांडवी आणि मशीद बंदर भागातल्या वखारी व चाळी जळाल्या. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगितला जातो. आगीशी झुंजताना ६० हून अधिक बंबवाले गेले.

या नुकसानीला कोणती पॉलिसी लागू होती? शत्रूचा हात नव्हता. आग निष्काळजीपणातून लागली असण्याचीच शक्यता चौकशीत पुढे आली. म्हणजे हे युद्ध नव्हे. पण स्फोटके युद्धासाठीच आणली होती, युद्धाच्याच घाईमुळे ती कापसाबरोबर ठेवली होती, आणि युद्ध नसते तर ती शहराच्या पोटात आलीच नसती. मांडवीच्या धान्यव्यापाऱ्याला यातले काहीच ठरवायचे नव्हते. त्याचे गोदाम आगीने गेले, स्फोटाने गेले की स्फोटानंतरच्या आगीने, हे सिद्ध करायला पुरावाही उरला नव्हता. शेवटी सरकारने वटहुकूम काढून भरपाईची जबाबदारी स्वतःवर घेतली. ते न्याय्यच होते. कलमांवर बोट ठेवत प्रत्येक दावा न्यायालयात गेला असता तर मुंबईचा धान्यबाजार कित्येक वर्षे उभा राहिला नसता. हे उदाहरण युद्धविम्याच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे तितके नसते.

गोव्यातली एक घटना याच युद्धातली, पण उलट बाजूची आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ‘एहरेनफेल्स’ आणि आणखी दोन जर्मन जहाजे तटस्थ पोर्तुगालच्या मुरगाव बंदरात आश्रयाला आली. पुढे ‘अनफोरा’ हे इटालियन जहाजही त्यांच्यात मिळाले. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी ‘एहरेनफेल्स’वर छापा घातला, तेव्हा खलाशांनी आपली चारही जहाजे स्वतःच बुडवली. साडेतीन वर्षे बंदरात अडकून पडलेले जहाज मालकाच्या दृष्टीने कोणत्या दिवशी गेले, बुडाले त्या दिवशी की अडकले त्या दिवशी? आजच्या करारांत याचे उत्तर दिलेले असते. जहाज ठरावीक मुदतीपर्यंत, बहुधा बारा महिने, मालकाला परत मिळाले नाही तर ते पूर्ण गेले असे धरून पैसे दिले जातात. १९८० मध्ये इराण-इराक युद्ध पेटले तेव्हा शत-अल-अरब नदीत सत्तरच्या आसपास जहाजे कोंडली गेली. त्यांतल्या अनेकांवर गोळाही पडला नव्हता, तरी दावे याच कलमावर मंजूर झाले.

भारतीय विमा आणि नौकानयन या दोन्ही धंद्यांचे केंद्र मुंबईच राहिले. सर्व प्रकारचा सर्वसाधारण विमा करणारी पहिली भारतीय कंपनी, इंडियन मर्कंटाइल, १९०७ मध्ये इथेच निघाली. १९१९ मध्ये सिंधिया नौकानयन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले आणि त्याच वर्षी सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स स्थापन केली. या धंद्यांतल्या परकीय मक्तेदारीविरुद्धच्या झगड्यात जहाज आणि विमा यांची मागणी एकत्रच होत होती, कारण परक्याच्या विम्याशिवाय हलू न शकणारे जहाज पुरते आपले नसते. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन, आजची जीआयसी री, पुनर्विम्याचे काम मुंबईतूनच पाहते.

आज युद्धकरार चालतो तो असा. जहाजमालक वर्षाचा मूळ हप्ता भरतो. तो अगदी कमी असतो आणि शांत समुद्रांपुरता असतो. लंडनमधली जॉइंट वॉर कमिटी धोक्याच्या प्रदेशांची यादी ठेवते. जहाजाला त्या यादीतल्या पाण्यात शिरायचे असेल तर आधी कळवावे लागते आणि जादा हप्ता द्यावा लागतो, तो साधारण सात दिवसांसाठी. त्या हप्त्याचा भाव काही तासांपुरताच टिकतो. शिवाय विमेदार सात दिवसांची सूचना देऊन, आणि बिकट काळात त्याहूनही कमी मुदतीत, सगळा करार रद्द करू शकतो व नव्या दराने पुन्हा देऊ करू शकतो. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि चीन यांपैकी कोणत्याही दोघांत युद्ध सुरू झाले, तर कसलीही सूचना न देता करार आपोआप संपतो. म्हणजे तिसरे महायुद्ध हे एक असे युद्ध आहे ज्याचा विमा कोणत्याही किमतीला मिळत नाही.

दराचा अर्थ रकमेत पाहावा. ४०० कोटी रुपये किमतीचे जहाज २०२३ च्या उत्तरार्धात तांबड्या समुद्रातून ०.०५ टक्क्याच्या आसपास दराने जाई, म्हणजे फेरीला सुमारे २० लाख रुपये. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवले. १८ डिसेंबरला कमिटीने धोक्याच्या प्रदेशाची सीमा उत्तरेकडे १८ अक्षांशापर्यंत सरकवली. २०२४ च्या सुरुवातीला दर एक टक्क्याजवळ पोहोचला. त्याच जहाजाला, त्याच सात दिवसांसाठी, आता चार कोटी. आफ्रिकेला वळसा घातला तर दहा ते चौदा दिवस आणि तेवढे इंधन जादा, पण हा हप्ता वाचतो. बहुतेक मोठ्या कंटेनर कंपन्यांनी वळसा पत्करला, आणि न्हावा-शेव्याहून युरोपला जाणारी द्राक्षे, कापड व यंत्रांचे सुटे भाग लांबच्या वाटेने जाऊ लागले.

यादीबाहेरच्या पाण्यातही युद्ध येऊ शकते हे २३ डिसेंबर २०२३ रोजी दिसले. ‘केम प्लूटो’ हा रसायनवाहू टँकर सौदीतल्या अल जुबैलहून नव्या मंगळूरला चालला होता. गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर त्याच्यावर ड्रोन आदळले. तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ने सोबत करून त्याला मुंबईला आणले आणि नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी अवशेष तपासले. ते अवशेष सुरक्षेसाठी जितके मोलाचे, तितकेच विम्यासाठीही. भोक कशाने पडले हे ठरल्याशिवाय दावा कोणत्या पॉलिसीवर जायचा हे ठरत नाही.

धोक्याची रेषा नकाशावर कुठे ओढायची हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. सोमाली चाचेगिरी भरात असताना उद्योगसंघटनांनी अतिधोक्याचा प्रदेश ७८ पूर्व रेखांशापर्यंत वाढवला. कन्याकुमारीसुद्धा त्या रेषेच्या पश्चिमेला पडते, म्हणजे मुंबई, मुरगाव, मंगळूर, कोची ही सगळी बंदरे त्या छायेत आली. विम्याचा खर्च आणि सशस्त्र पहारेकऱ्यांचा वावर दोन्ही वाढले. भारत सरकारने सातत्याने पाठपुरावा केल्यावर १ डिसेंबर २०१५ पासून रेषा ६५ रेखांशापर्यंत मागे गेली, आणि २०२३ च्या सुरुवातीला तो प्रदेशच रद्द झाला. दरम्यानच्या वर्षांत भारतीय नौदल अरबी समुद्रात चाच्यांना पकडत होते, तरी भारतीय किनारा धोक्याचा ठरत होता. दर ठरवणारे दुसऱ्या देशात बसतात, त्याचा हा थेट परिणाम.

शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा ‘कांचनजंगा’ टँकर या विषयाच्या कायद्यात कायमचा नोंदला गेला आहे. इराण-इराक युद्ध सुरू असताना, नोव्हेंबर १९८० मध्ये, भाड्याने घेणाऱ्या कंपनीने त्याला इराणच्या खार्ग बेटावर तेल भरायला पाठवले. जहाज पोहोचले, तयार असल्याची सूचनाही दिली. १ डिसेंबरला इराकी विमानांचा हल्ला झाला आणि कप्तानाने जहाज बाहेर काढले. पुन्हा आत जायला मालकांनी नकार दिला. १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले की युद्ध चालू आहे हे ठाऊक असताना जहाजमालकांनी ते बंदर स्वीकारले, त्यामुळे ते असुरक्षित म्हणून नाकारण्याचा हक्क त्यांनी सोडून दिला होता. कप्तानाचा निर्णय खलाशांच्या जिवासाठी योग्य होता याबद्दल शंका नाही, पण करारातला हक्क बजावण्याची वेळ त्याच्या दहा दिवस आधी होती. तेव्हापासून भाडेकरारात युद्धाची कलमे जास्त तपशिलात लिहिली जातात: जादा हप्ता कोण भरणार, आत जायचे की नाही हे कोण ठरवणार, थांबलेल्या दिवसांचे भाडे कोणाचे.

आता मालधन्याची बाजू. समुद्रापासून दूर असलेल्या बंगळूरुतही हा विषय रोजच्या कामाचा आहे. बेळ्ळंदूरच्या बाह्यवळण रस्त्यावरच्या एखाद्या कंपनीने परदेशातून सर्व्हर किंवा चाचणीयंत्रे मागवली, तर कंटेनर चेन्नईला उतरतो आणि रेल्वेने किंवा ट्रेलरने जवळच्याच व्हाइटफील्डच्या कोरड्या बंदरात येतो. कार्गो पॉलिसी गोदामापासून गोदामापर्यंत असते, म्हणून युद्धविमाही तसाच असेल असा आयातदाराचा समज होतो. तो चुकीचा आहे. १९३७ चा नियम कायम असल्याने मालाचा युद्धविमा समुद्रगामी जहाजावर चढल्यावर सुरू होतो आणि शेवटच्या बंदरात उतरताच संपतो. माल उतरलाच नाही तर जहाज पोहोचल्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून १५ दिवसांनी संपतो. चेन्नई ते बेळ्ळंदूर या साऱ्या प्रवासात संप, दंगल आणि दहशतवाद यांचे संरक्षण वेगळ्या कलमाने मिळते, युद्धाचे मिळत नाही. क्षेपणास्त्रे बंदराच्या यार्डापर्यंत पोहोचू शकतात अशा काळात ही उणीव लहान नाही.

दुसरी अडचण खरेदीच्या अटींत असते. विक्रेत्याने विमा आणि भाडे भरून माल पाठवायचा, अशा सीआयएफ व्यवहारात विक्रेत्यावर फक्त किमान संरक्षणाची सक्ती असते, मालाच्या किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत. युद्ध आणि संप यांचा विमा खरेदीदाराने मागितला तर, आणि त्याच्याच खर्चाने, घ्यायचा असतो. मागितला नाही तर तो नसतो. शिवाय युद्धाचा विमा असला तरी उशिराने झालेले नुकसान त्यात येत नाही. जहाज वळसा घालून तीन आठवडे उशिरा आले आणि प्रकल्प रखडला, तर त्याची भरपाई कोणी देत नाही. ज्या आयातदाराला हे टाळायचे असेल त्याने माल एफओबी अटीवर, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतच विक्रेत्याची जबाबदारी धरून, घ्यावा, विमा भारतातल्या कंपनीकडून स्वतः उतरवावा आणि युद्धाचे कलम पॉलिसीत शब्दशः आहे की नाही ते पाहावे. एजंटने तोंडी सांगितल्यावर भिस्त ठेवू नये.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा जागतिक पुनर्विमेदारांनी रशिया, युक्रेन आणि बेलारूस आपल्या करारांतून वगळले. भारताला रशियाकडून खत हवे होते आणि पुनर्विमा नसल्याने देशी कंपन्यांना त्या मालाचा विमा देता येईना. तेव्हा जीआयसी रीच्या पुढाकाराने वगळलेल्या प्रदेशांसाठी कार्गो विम्याचा एक सामायिक निधी उभारला गेला. हे पाऊल योग्य होते, पण ते संकट आल्यावर, एका मालापुरते आणि काही देशांपुरते उचललेले होते. १९४०, १९६२, १९७१ आणि २०२२ या सगळ्या प्रसंगांत एकच क्रम दिसतो. खासगी बाजार मागे सरतो, मग सरकार घाईने व्यवस्था उभी करते. ब्रिटनने मात्र पहिल्या महायुद्धाची योजना शांततेतच आखून ठेवली होती, म्हणून ती पहिल्याच दिवशी लागू करता आली. आपल्या गरजेचे बहुतांश कच्चे तेल समुद्रमार्गे आणणाऱ्या भारताकडे हल, माल आणि जबाबदारी या तिन्हींसाठी अशी कायमची तरतूद शांतकाळातच असली पाहिजे. तिचे हप्ते, मर्यादा आणि ती कधी लागू होईल याची अट आधी ठरलेली हवी. सरकारी हमी असली म्हणजे लंडनचा दर नाकारता येतो असे नाही, पण करार रद्द होण्याच्या सात दिवसांत जहाजे उभी करण्याची वेळ येत नाही.

या व्यवस्थेच्या कडेला देशी वहाणे आहेत. कच्छ-सौराष्ट्रातली लाकडी वहाणे दुबई, ओमान, येमेन, सोमालियापर्यंत कांदे, तांदूळ, जुन्या गाड्या नेतात. चाच्यांनी ती पकडून मोठ्या जहाजांवर हल्ल्यासाठी वापरायला सुरुवात केल्यावर नौवहन महासंचालनालयाने मार्च २०१० मध्ये सलाला ते माले या रेषेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला त्यांना जायला बंदी घातली. बंदीने जीव वाचले, धंदा बुडाला. ज्या वहाणाचे भांडवल एका कुटुंबाचे असते, त्याला टक्क्यांत मोजलेला युद्धहप्ता परवडण्यासारखा नसतो.

खलाशाचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो, आणि बाजाराच्या हिशेबातही तो शेवटीच येत आला आहे. ‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी पळवले. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोहोचून जहाज सुटले, पण भारतीय नौदलाने पकडलेल्या चाच्यांचा सूड म्हणून सात भारतीय खलाशांना त्यांनी ठेवून घेतले. त्यांची सुटका ऑक्टोबर २०१४ अखेर झाली. जहाज सुटताच हल विम्याच्या दृष्टीने प्रकरण जवळजवळ मिटले होते, माणसे मात्र आणखी साडेतीन वर्षे कैदेत होती. आंतरराष्ट्रीय कामगार करारांत आता युद्धसदृश प्रदेशासाठी ठरावीक हक्क आहेत: तिथे जायला नकार देण्याचा, नकार दिल्यास मालकाच्या खर्चाने घरी परतण्याचा, त्या दिवसांचे मूळ वेतनाइतके जादा पैसे मिळण्याचा आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाई दुप्पट मिळण्याचा. ही रक्कम मालकाच्या पी अँड आय किंवा युद्धकरारातून येते. नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया आणि मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया या मुंबईतल्या संघटना असे दावे लढवतात. पण हे हक्क ज्याचा करार नोंदलेला आहे त्यालाच मिळतात. रत्नागिरी, गुहागर, दापोलीकडची मुले परवाना नसलेल्या एजंटांमार्फत जुन्या, मालकी लपवलेल्या टँकरवर चढतात, तेव्हा त्या जहाजाचा युद्धविमा असेलच असे नाही, आणि दुर्घटना झाल्यावर नोकरी नेमकी कोणाकडे होती हे सिद्ध करण्याचे काम घरच्यांवर येते.